पाणी वाचवणारे शेअर्स?

"पाणी वाचवणाऱ्या कंपनीत पैसे टाकले तर पैसेही वाढतील आणि पुण्यही लागेल" असं हल्ली दोघातिघांकडून ऐकलं. त्यातला एक माझा पुण्याचा मावसभाऊ. नुकतीच व्हीआरएस घेतलीय, हाताशी रक्कम आहे, आणि ताई ह्यूस्टनला राहते म्हणजे तिला तेलातलं सगळं कळतं असा त्याचा (गोड) समज आहे. शेल ऑइलवाल्यांचं पाणी रिसायकल करणाऱ्या कंपन्यांचं काय, हा त्याचा प्रश्न. उत्तर फोनवर मावणारं नाही, म्हणून इथे लिहिते.

आधी हे पाणी कुठलं ते बघू. पश्चिम टेक्सास आणि शेजारच्या न्यू मेक्सिकोत पर्मियन बेसिन नावाचा मोठा तेलपट्टा आहे. मिडलंड, ओडेसा ही तिथली मुख्य गावं. पाऊस वर्षाला जेमतेम पंधरा इंच. शेल म्हणजे घट्ट, थराथरांचा खडक. त्यात अडकलेलं तेल सुटावं म्हणून खोल आडवी विहीर खणतात आणि वाळू मिसळलेलं पाणी प्रचंड दाबाने आत सोडून खडकाला भेगा पाडतात. एका विहिरीला काही कोटी लिटर पाणी लागतं!

पण खरी गोष्ट पुढेच आहे. तेलाबरोबर खडकातलं जुनं पाणीही वर येतं. एक पिंप तेलामागे तीन-चार पिंपं पाणी, तेही बऱ्याचदा समुद्रापेक्षा तिप्पट खारट. म्हणजे या कंपन्या तेल कमी आणि खारं पाणी जास्त काढतात म्हणा ना. इतकी वर्षं हे पाणी दुसऱ्या खोल विहिरीत परत दाबून द्यायचं, हा सोपा उपाय होता. मग जमीन हलायला लागली. ओक्लाहोमात पॉनीजवळ २०१६ साली ५.८ चा भूकंप झाला, पश्चिम टेक्सासमध्ये नोव्हेंबर २०२२ मध्ये ५.४ चा. टेक्सासच्या रेलरोड कमिशनने (नाव रेल्वेचं, काम तेलाचं!) मिडलंडजवळच्या एका भागात खोलवर पाणी सोडायला २०२१ च्या शेवटी बंदीच घातली.

इथे रिसायकलिंगवाले आले. नव्या विहिरीसाठी गोडं पाणी कशाला, जुन्या विहिरीचंच वापरा. त्यातलं तेल, लोह, गाळ आणि जिवाणू काढले की पुरतं. मीठ तसंच राहिलं तरी चालतं, कारण खाऱ्या पाण्यात काम करणारी रसायनं आता मिळतात. त्यामुळे हे स्वस्तात होतं. भूजलातला तेवढा उपसा वाचतो, हे नक्कीच चांगलं आहे. त्याबद्दल माझा वाद नाही.

वाद "पुण्य" या शब्दाशी आहे. हे पाणी नदीत जात नाही की शेतात. ते पुढच्या तेलविहिरीत जातं. शेतीयोग्य करायचं तर मीठ काढावं लागतं, त्याचा खर्च कितीतरी जास्त, आणि शेवटी मिठाचे ढीग उरतातच.

आता पैशांचं. रिसायकल केलेल्या पाण्याला गिऱ्हाईक एकच, नवी विहीर खणणारा. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकन तेलाचा वायदा शून्याच्याही खाली गेला तेव्हा नव्या विहिरी धडाधड थांबल्या. जुन्या विहिरींचं पाणी मात्र येतच राहतं. म्हणजे माल चालू आणि गिऱ्हाईक गायब. अशा वेळी तारतात त्या पाइपलाइनी, दाबायच्या विहिरी आणि तेल कंपन्यांशी केलेले लांब मुदतीचे करार. अॅरिस वॉटर सोल्युशन्सचंच बघा. २०२१ साली ती शेअर बाजारात आली. रिसायकलिंगसाठी तिचं नाव झालं, पण कमाईचा मोठा भाग पाणी पाइपने उचलून नेण्याच्या शुल्काचा होता. २०२५ मध्ये वेस्टर्न मिडस्ट्रीम या पाइपलाइन कंपनीने ती विकत घेतली. यंत्रापेक्षा पाइपला किंमत आहे, हे यातून मला दिसतं.

दुसरं म्हणजे सरकारी नियम. पाणी दाबणं जेवढं अवघड आणि महाग, तेवढी रिसायकलिंगला बरकत. म्हणजे फायदा अर्धा तेलाच्या भावावर आणि अर्धा कमिशनच्या मर्जीवर. दोन्ही आपल्या हातात नाहीत.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. हा धंदा वाईट नाही, पण हा तेलाचा धंदा आहे. आपल्या पैशातला जेवढा भाग तेलात ठेवायचा ठरवलाय, त्याच खात्यात तो मोजावा. "पर्यावरण" म्हणून वेगळी रक्कम काढू नये, नाहीतर तेल पडलं की दोन्ही खाती एकदम रिकामी. व्हीआरएसची पुंजी तर याच्यापासून लांबच बरी. आणि कंपनीचा वार्षिक अहवाल उघडून तीन गोष्टी बघाव्यात: करार किती वर्षांचे, मोठी गिऱ्हाइकं किती आणि कर्ज किती. हिरव्या पानांचे फोटो नंतर बघता येतात.

मी काही सल्लागार नाही, पण इतकी वर्षं या गावात तेलाची तेजी आणि मंदी दोन्ही शेजारच्या घरांत बघितलीयत. घराबाहेर "विकणे आहे" ची पाटी लागायला फार वेळ लागत नाही. असो. लेख लांबला. भाऊरायांनी शेवटपर्यंत वाचला असेल तर फोन करावा, उरलेलं बोलू.