साप न्यायचा कुठे?

बागेत साप दिसला की सर्पमित्राला फोन करायचा, तो पकडून कर्नाळ्याच्या जंगलात सोडतो, आपण निर्धास्त. पनवेल तालुक्यात नेरे, वाजे, मालडुंगे या बाजूला शेतघर बांधलेल्या सुशिक्षित माणसाचा हा आज पक्का समज आहे. काठीने साप ठेचण्यापेक्षा हे शतपटीने बरं, यात वाद नाही. तरीही बहुतेक वेळा हा मार्ग चुकीचा आहे, असं माझं ठाम मत आहे. चुकीचा सापासाठी, आणि माणसासाठीही.

आधी सापाचं पाहू. धामणीला आपल्या टापूतली बिळं, बांधातल्या फटी, पाण्याच्या जागा माहीत असतात. तिला पोत्यात घालून दहा-पंधरा किलोमीटरवर सोडणं ही सुटका नव्हे. अमेरिकेत खुळखुळ्या सापांना रेडिओ ट्रान्समीटर बसवून अभ्यास झाले, त्यांत लांब नेऊन सोडलेले साप ठिकाण सापडेपर्यंत जास्त भटकताना आणि जास्त मरताना आढळले. शिवाय कर्नाळ्याचं अभयारण्य जेमतेम 12 चौरस किलोमीटरचं, त्यातूनच मुंबई-गोवा महामार्ग गेलेला. तालुकाभरचे साप त्यात कुठवर ओतणार?

आता माणसाचं. साप बागेत येतो तो उंदरासाठी, बेडकासाठी, पालीसाठी आणि लपायला जागा असते म्हणून. कंपाउंडलगत नारळाच्या सोडणांचा ढीग, गोठ्यामागे पेंढा, जांभ्या दगडाच्या गडग्यात हात जाईल एवढ्या फटी, कोंबड्यांचे दाणे अंगणभर सांडलेले. हे सगळं तसंच ठेवून एक धामण नेली, तर उंदरांची चंगळ होते. आणि उंदीर वाढले की त्यांच्या मागावर पुढे येणारा साप घोणस असू शकतो.

साप हलवण्याच्या खटाटोपातच दंश कसा होतो, याचं उदाहरण पनवेलमध्येच घडलं. डिसेंबर 2021 मध्ये अभिनेते सलमान खान यांना त्यांच्या इथल्या फार्महाऊसवर साप चावला. त्यांनीच नंतर पत्रकारांना सांगितलं की साप खोलीत शिरला होता, काठीने बाहेर नेताना तो काठीवरून हातापर्यंत आला, आणि पकडून सोडताना चावला. साप बिनविषारी निघाला, काही तासांत ते रुग्णालयातून घरी आले. तिथे मण्यार असती तर? मण्यार आणि बिनविषारी कवड्या, दोन्ही गडद अंगावर फिके पट्टे असलेले, दोन्ही रात्री फिरणारे. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक असतात आणि शेपटीकडे विरत जातात, मण्यारचे नेमके उलट. बॅटरीच्या उजेडात, घाबरलेल्या मनाने हा फरक कोण ताडून पाहणार? म्हणून ओळख पटली नाही, तर तो विषारीच आहे असं धरून चालावं.

इथे काही निसर्गप्रेमी दुसऱ्या टोकाला जातात. साप शेतकऱ्याचा मित्र आहे, तो उगाच चावत नाही, घाबरण्यासारखं काही नाही, असं ते सांगतात. मलाही साप वाचायला हवेत, पण भातलावणीत अनवाणी उभ्या असलेल्या बाईला हे ऐकवणं मला क्रूरपणाचं वाटतं. मृत्यूंच्या देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार 2000 ते 2019 या काळात भारतात सुमारे 12 लाख माणसं सर्पदंशाने गेली, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार, आणि त्यांतली निम्मी पावसाळ्यात. पान लागलं की आधी मांत्रिकाकडे धाव घेण्यात किती तास गेले, याचा हिशेब कुठे राहत नाही. मण्यारचा दंश तर झोपेत होतो, दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते आणि पापण्या मिटू लागतात. त्या घराला मैत्रीचं प्रवचन नको, मच्छरदाणी आणि रुग्णवाहिका हवी.

मग करायचं काय? बागेतला साप वाटेवर असेल तर दहा-बारा पावलं मागे व्हा, कुत्रं बांधा, पोरांना आत घ्या आणि त्याला जाऊ द्या. बहुतेक साप थोड्या वेळात आपणच निघून जातात. अंगणात फिनेल ओतण्याचा, लसूण किंवा डांबरगोळ्या टाकण्याचा भरवशाचा उपयोग नाही. घराभोवतीची चार-पाच हात जागा मोकळी ठेवा, सरपण आणि सोडणं भिंतीपासून लांब रचा, मोरीच्या तोंडाला जाळी बसवा, दाराखालची फट बुजवा. रात्री पायात बूट आणि हातात बॅटरी. जमिनीवर झोपणाऱ्या गड्यालाही मच्छरदाणी द्या, कारण मालक पलंगावर झोपतो आणि मण्यार त्या गड्याला चावते.

साप घरात, पडवीत, गोठ्यात अडकला असेल तर सर्पमित्राला जरूर बोलवा, त्यासाठीच तो आहे. मात्र तो वनखात्याकडे नोंद असलेला असावा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप मारायला, बाळगायला बंदी आहे, आणि गळ्यात नाग घालून फोटो काढणारा माणूस सर्पमित्र नव्हे. साप त्याच परिसरात, वस्तीपासून जरा बाजूला सोडायला त्याला सांगा. वनखात्याची मदतवाहिनी 1926 आहे.

आणि दंश झालाच तर चिरा देऊ नका, विष चोखू नका, दोरीने करकचून बांधू नका. अंगठी-बांगड्या उतरवा, चावलेला हात किंवा पाय हलवू न देता 108 ला फोन करा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप मारून डॉक्टरांना दाखवायची गरज नाही. आपल्या शेतघरापासून प्रतिविष असलेलं सर्वांत जवळचं रुग्णालय कोणतं, हे आजच विचारून घ्या आणि त्याचा नंबर गड्याच्या फोनमध्येही घाला.