गाडीचा ॲम्प्लिफायर घरच्या स्टिरिओला



खते, बियाणे, कीड यांखेरीज दुसरा विषय या सदरात क्वचितच येतो. परंतु एका वाचक भगिनीने विचारले आहे की, मुलाने जुन्या जीपमधला ॲम्प्लिफायर घरच्या स्टिरिओला जोडला आणि त्यासाठी ट्रॅक्टरची बॅटरी काढून माजघरात आणून ठेवली, हे बरोबर आहे काय? प्रश्न गाण्यांचा दिसतो, पण ऐन पेरणीत सकाळी ट्रॅक्टर सुरू होईल की नाही याचाही तो आहे. म्हणून इथे घेतला.

ॲम्प्लिफायर घरात खुशाल चालतो. अडचण एवढीच की त्याला १२ व्होल्ट डीसी वीज लागते आणि तीही भरपूर अँपिअरची. खोक्यावर छापलेल्या हजार वॅटवर जाऊ नका. त्यावरचा फ्यूज पाहा. फ्यूज २० अँपिअरचा असेल तर १२ गुणिले २०, म्हणजे फार तर २४० वॅट तो ओढणार. नेहमीच्या बनावटीत त्यातले निम्मे उष्णतेत जातात आणि स्पीकरला शंभर-सव्वाशे वॅट पोहोचतात. घराला तेवढे पुष्कळ झाले.

आता हे २० अँपिअर आणायचे कोठून? सेट-टॉप बॉक्सचा ॲडॅप्टरही १२ व्होल्टचाच असतो, पण तो एक-दोन अँपिअर देतो. तीन इंची पाइपाचे काम ठिबकच्या नळीला सांगावे, तसा तो प्रकार आहे. नुसता बॅटरी चार्जरही लावू नये. बॅटरी नसताना त्याचे व्होल्ट स्थिर राहत नाहीत, ॲम्प्लिफायर जळतो.

ट्रॅक्टरची बॅटरी बनवलेली असते ती स्टार्टरला क्षणभर जोराचा झटका देण्यासाठी. ८८ अँपिअर-अवरच्या बॅटरीतून आठ अँपिअरने चार तास गाणी वाजवली, तर ३२ अँपिअर-अवर, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वीज गेली. असे वरचेवर झाले आणि बॅटरी उतरलेली तशीच राहिली, की प्लेटांवर सल्फेट धरते व आयुष्य घटते. शिवाय चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. माजघरात समई, चूल, उदबत्ती. तिथे तिचे काम नाही.

त्यापेक्षा एलईडी पट्ट्यांसाठी मिळतो तो १२ व्होल्ट, ३० अँपिअरचा एसएमपीएस घ्यावा. त्याचे २३० व्होल्टचे स्क्रू उघडे असतात. लहान मुलांचे घर असेल तर तो हवेशीर जाळीच्या पेटीत बंद केल्याशिवाय वापरूच नये. अर्थिंग हवेच. तिथून ॲम्प्लिफायरपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, दोन-तीन फुटांहून लांब नको, आणि अधिकच्या वायरीत फ्यूज. ॲम्प्लिफायरवर ‘रिमोट’ नावाचा छोटा स्क्रू असतो. त्याला अधिकवरून बारीक वायर एका बटणातून द्यावी. ती दिली नाही तर यंत्र जागेच होत नाही आणि चांगला माल ‘खराब’ म्हणून भंगारात जातो.

स्टिरिओच्या ‘लाइन आउट’मधून लाल-पांढऱ्या पिनांची वायर ॲम्प्लिफायरच्या इनपुटला द्यावी. स्टिरिओची स्पीकरची वायर सरळ त्या भोकात घालू नये. स्पीकरचीच वायर उपलब्ध असेल तर मध्ये ‘हाय-लो कन्व्हर्टर’ लावावा. गेनची चावी आधी अगदी कमी ठेवावी.

स्पीकरच्या उणे वायरी एकत्र बांधणे किंवा पत्र्याला जोडणे ही जीपवाल्या मिस्त्रींची सवय. बहुतेक ॲम्प्लिफायरला ती घातक आहे. प्रत्येक स्पीकरला त्याच्या दोन स्वतंत्र वायरी द्याव्यात. घरचे ८ ओहमचे स्पीकर चालतात, आवाज थोडा कमी निघेल इतकेच. उलट गाडीचे ४ ओहमचे स्पीकर घरच्या स्टिरिओवर लावायचे असतील, तर त्याच्या पाठीमागे किती ओहम लिहिले आहे ते आधी वाचा.

घूंऽऽ असा आवाज येऊ लागला की काहीजण थ्री-पिनची मोठी पिन कापून टाकतात. आवाज जातो, आणि त्याबरोबर शॉक लागण्यापासूनचे संरक्षणही जाते. हे कदापि करू नका. लाल-पांढऱ्या वायरीत बसणारा ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ मिळतो, तो लावा आणि ती वायर विजेच्या वायरीपासून दूर न्या.

गणपतीत हे सगळे मांडवात नेण्याचा मोह होणारच. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. काही ठराविक दिवशी शासन मध्यरात्रीपर्यंत सवलत देते, ते दिवस आधी विचारून घ्यावेत.

आता या भगिनीच्या बॅटरीचे. ती आजच उघड्या पडवीत हलवा. बुचांची असेल तर पाणी पाहा. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडण्यापुरते डिस्टिल्ड वॉटर घाला, बाकीचे चार्जिंग झाल्यावर. क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याने, म्हणजे ८८ च्या बॅटरीला आठ-नऊ अँपिअरने, सावकाश चार्ज करा. ट्रॅक्टरवर बसवताना आधी अधिकचे टोक जोडा, मग उणे.