शर्यतीचे टायर आणि आपले रस्ते

वीकेंडला कोड सोडून दुसऱ्या कशावर तरी लिहायचं, हा आपला नेहमीचा शिरस्ता. तर मंडळी, आज टायर.

निमित्त असं. आमच्याकडे अल्लीपूरला (तालुका हिंगणघाट, जिल्हा वर्धा) एका पोराच्या मोटरसायकलचा मागचा टायर पार गोटा झालेला दिसला. नक्षी नावाला नाही. 'बदल ना बाबा' म्हटलं तर उत्तर तयार होतं. "काहून भाऊ? रेसिंगच्या गाडीले बी तं गोटाच टायर रायते ना!"

आणि इकडे शहरात दुसरं टोक. आमच्या आयटीतल्या मित्रमंडळींना खरेखुरे रेसिंग टायर रोजच्या गाडीला हवे असतात. ट्रॅकवर वापरून झालेले स्वस्तात मिळतात, रुंद दिसतात आणि 'ग्रिप लई भारी' अशी ख्याती. मग ऑफिसला जाताना का नको?

माझं मत सरळ आहे. दोघांची समजूत एकच आहे आणि ती चुकीची आहे. दोघांनाही वाटतं की टायरचा चांगलेपणा टायरमध्येच असतो. तसं नसतं. टायर चांगला ठरतो तो एका ठरावीक रस्त्यावर, ठरावीक तापमानात, ठरावीक वजनाखाली. त्या चौकटीबाहेर काढला की शर्यत जिंकणारा टायरही रस्त्यावर धोंडाच.

आधी गोटा टायरबद्दल. शर्यतीचा स्लिक टायर गुळगुळीत असतो, कारण कोरड्या ट्रॅकवर जास्तीत जास्त रबर जमिनीला टेकावं. पण ते रबर खास मऊ असतं. आपला झिजलेला टायरही गुळगुळीत असतो, पण तिथं रबर संपलेलं असतं. उरलेलं उन्हापावसानं कडक झालेलं, खाली कापडाचे थर डोकावायच्या बेतात. दिसायला भाऊ, पण नातं काही नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मध्ये खाचांची किमान खोली दिलेली आहे: दुचाकी-तिचाकीला 0.8 मिलिमीटर, बाकी गाड्यांना 1.6 मिलिमीटर. त्याखाली गेलात तर टायर कायद्यानंही बाद.

आता खऱ्या रेसिंग टायरकडे येऊ. त्याचं मऊ रबर तापल्याशिवाय चिकटत नाही. म्हणून शर्यतीत सुरुवातीआधीच टायरांना विजेवर चालणारी ब्लँकेट गुंडाळून ठेवतात, आणि पुढे ब्रेक, वळणं आणि वेग यांच्या जोरावर तो साधारण 80 ते 100 अंशांच्या आसपास राखतात. तुम्ही म्हणाल, आमच्या वर्ध्याला मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो, डांबर तर त्याहून तापतं, मग झालं की काम! नाही झालं. टायर आतून तापतो तो दर वळणाला रबर दाबलं, ताणलं, पिळलं गेल्यामुळे. गावाच्या रस्त्यावर ताशी 40-50 नं जाताना, मध्येच म्हशींसाठी थांबताना, तो पिळवटच बसत नाही. आणि डिसेंबरातल्या सकाळी तर विचारूच नका. रबर थंड आणि पकड साध्या टायरपेक्षाही कमी, नेमकी पहिल्या वळणाला.

दुसरी गोष्ट आयुष्याची. फॉर्म्युला वनची शर्यत साधारण 305 किलोमीटरची असते, आणि तेवढ्यातही कोरड्या शर्यतीत टायर बदलले जातात. अल्लीपूरहून नागपूरला दोनदा जाऊन आलात की तेवढं अंतर सहज होतं. त्यातून हे रबर तापून गार झालं की प्रत्येक खेपेला थोडं कडक होत जातं. म्हणजे 'ट्रॅकवरचा सेकंडहँड' टायर स्वस्त मिळतो, कारण त्यातलं ज्याचे पैसे होते ते आधीच वापरून झालेलं असतं.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, पाणी. शर्यतवाले स्वतः पावसात स्लिक ठेवत नाहीत, लगेच खाचांचे टायर लावतात. ताशी 300 च्या वेगात पिरेलीचा पावसाळी टायर सेकंदाला 85 लिटरपर्यंत पाणी बाजूला फेकतो, असं कंपनी सांगते. खाच नसलेला टायर पाण्यावर तरंगायला लागतो आणि मग हँडल, ब्रेक सगळं फक्त शोभेला. आपल्याकडे तर नुसतं पाणीही नसतं. कपाशीच्या काळ्या मातीतून ट्रॅक्टर रस्त्यावर आला की मागे चिखलाचा पट्टा सोडून जातो. तीच माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरच्या डांबराला लाटा आणते. अशा रस्त्यावर खडे, काटे, खड्डे झेलायला जाड रबर आणि दणकट बाजू लागतात. शर्यतीच्या टायरमध्ये वजन वाचवायला नेमकं तेच कमी केलेलं असतं. पुष्कळ रेसिंग टायरांच्या कडेवर 'नॉट फॉर हायवे यूज' असं चक्क छापलेलं असतं. कंपनी स्वतःच नको म्हणतेय, आणखी काय पाहिजे?

अजून पटत नसेल तर 19 जून 2005 आठवा. इंडियानापोलिसची अमेरिकन ग्रांप्री. आपल्याला ती लक्षात आहे कारण नारायण कार्तिकेयन तिथं चौथा आला आणि त्याला 5 गुण मिळाले. पण कसा? त्या ट्रॅकच्या शेवटच्या उतरत्या कडेच्या वेगवान वळणावर मिशेलिनचे टायर ताण सहन करेनात. सरावात अपघात झाला. पूर्ण वेगात टायर सुरक्षित नाहीत, असं कंपनीनंच संघांना कळवलं. शेवटी मिशेलिनच्या 14 गाड्या फॉर्मेशन लॅप करून आत वळल्या, आणि ब्रिजस्टोनवरच्या फक्त 6 गाड्या शर्यत पळाल्या. जगातले सर्वोत्तम इंजिनियर, रेसिंगचाच टायर, रेसिंगचाच ट्रॅक, आणि एक वळण झेपलं नाही तर सगळं बंद! मग तोच टायर अल्लीपूर-हिंगणघाट रस्त्यावर चालेल, ही खात्री आपल्याला कुठून येते?

आमच्या धंद्यातही हे रोज दिसतं. बेंचमार्कवर पळणारा कोड प्रॉडक्शनमध्ये तोंडावर आपटतो. फरक एवढाच की सर्व्हर रिस्टार्ट करता येतो.

यावर एक आक्षेप प्रामाणिक आहे. रस्त्यासाठी मंजूर असलेले, थोड्या खाचांचे सेमी-स्लिक टायर मिळतात, त्यांचं काय? कोरड्या दिवशी ठीक आहेत. पण ते लवकर झिजतात आणि साचलेल्या पाण्यात साध्या चांगल्या टायरच्या मागेच पडतात. ज्याला शौक आहे त्यानं चेन्नईजवळ किंवा कोइंबतूरला खरा ट्रॅक आहे तिथं जावं. रेसिंग टायर तिथंच चढवावेत, परत निघताना उतरवावेत. पैसा जाईल, पण तो शौकाचा असेल. रस्त्यावर शौकाचं बिल भलत्याच्याच नावानं फाटतं. शाळेतून सायकलवर येणाऱ्या पोरीनं किंवा कापूस घेऊन निघालेल्या बंडीवाल्यानं तुमच्या टायरच्या प्रयोगाला होकार दिलेला नसतो.

मग ग्रिप हवी तर करायचं काय? कंटाळवाणं उत्तर आहे. टायर थंड असताना हवा मोजा, तीही कंपनीनं सांगितलेल्या आकड्याइतकी. खाचांत मध्येमध्ये छोटे उंचवटे असतात, रबर त्यांच्या पातळीला आलं की टायर बदला. कडेवरचा चार आकडी तारखेचा शिक्का वाचा. 2324 म्हणजे 2024 सालचा 23 वा आठवडा. पंक्चरवाल्यानं 'भाऊ, हे गेलं' म्हटलं तर त्याच्याशी वाद घालू नका.

टायरचा जमिनीला टेकलेला भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. गाडीचं इंजिन, एबीएस, हेल्मेट यांवर आपण तासन् तास बोलतो, आणि सगळं उभं असतं त्या तळहातावर. तिथं दिखावा नको. बघा पटतंय का.