रूळ उखडले, तरी मार्ग शाबूत हवा

स्कॉटलंडच्या एडिंबरोपासून इंग्लंडमधील कार्लाइलपर्यंतचा सुमारे १५८ किलोमीटरचा रेल्वेमार्ग जानेवारी १९६९ मध्ये बंद झाला. रूळ उखडले गेले, जमिनीची विल्हेवाट लागली आणि एडिंबरोजवळ तर शहराचा बाह्यवळण रस्ताच जुन्या मार्गाला आडवा गेला. पुढे यापैकी सुमारे ५० किलोमीटरवर पुन्हा रेल्वे आणण्याचे ठरले, तेव्हा वाहत्या महामार्गाखालून रुळांसाठी नव्याने वाट काढावी लागली. सप्टेंबर २०१५ मध्ये गाडी धावू लागली, पण त्यासाठी २९ कोटी पौंडांहून अधिक रक्कम मोजावी लागली.

जुन्या रेल्वेमार्गांवर पायवाटा आणि सायकलमार्ग करण्याच्या चळवळीकडे पाहताना हा अनुभव ध्यानात ठेवायला हवा. या वाटांचे कौतुक बहुधा आरोग्य, पर्यटन आणि हिरवळ याच अंगाने होते. ते खोटे नाही. रेल्वेमार्गाचा चढ-उतार सौम्य असतो, पूल व बोगदे तयार असतात, त्यामुळे मुलांना आणि वृद्धांनाही अशा वाटेवर दमछाक होत नाही. मात्र या वाटांचे खरे मोल वेगळेच आहे. शेकडो शेतांमधून, गावांमधून सलग गेलेला जमिनीचा चिंचोळा पट्टा एकदा तुटला की पुन्हा जोडणे जवळजवळ अशक्य असते. वाटेमुळे तो पट्टा अखंड राहतो.

ब्रिटनमध्ये १९६३ साली डॉ. रिचर्ड बीचिंग यांच्या अहवालाने सुमारे ५ हजार मैलांचे मार्ग आणि २,३६३ स्थानके बंद करण्याची शिफारस केली. बंद मार्गांची जमीन राखून ठेवण्याचे सर्वंकष धोरण मात्र नव्हते. ब्रिस्टल ते बाथ हा २१ किलोमीटरचा सायकलमार्ग १९७९ ते १९८६ या काळात उभा राहिला, तो पुढे सस्ट्रान्स या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेच्या स्वयंसेवकांच्या श्रमातून. सरकारी दूरदृष्टीचा त्यात फारसा वाटा नव्हता.

अमेरिकेने यावर कायदेशीर तोडगा काढला. तेथे १९१६ मध्ये रेल्वेचे जाळे सुमारे २ लाख ५४ हजार मैलांचे होते. मोटारी आणि मालमोटारींच्या स्पर्धेत ते आक्रसत गेले. १९८० च्या कायद्याने तोट्यातील मार्ग बंद करणे आणखी सोपे केले. तेव्हा १९८३ मध्ये राष्ट्रीय पायवाटा कायद्यात दुरुस्ती झाली. रेल्वे कंपनीला मार्ग नको असेल तर तो एखाद्या संस्थेने वा स्थानिक सरकारने सांभाळावा, त्यावर वाट करावी आणि पुढे गरज पडल्यास तो रेल्वेला परत द्यावा, अशी ही व्यवस्था. यालाच 'रेलबँकिंग' म्हणतात. मार्ग जणू बँकेत ठेव म्हणून राहतो. मिसुरीतील सुमारे ३८५ किलोमीटरची 'केटी ट्रेल' आणि न्यूयॉर्कची 'हाय लाइन' याच तरतुदीच्या आधारे वाचल्या. आजवर रेल्वेकडे परतलेले मार्ग मात्र बोटांवर मोजण्याइतकेच आहेत.

या व्यवस्थेचा भार कोणावर पडतो? अनेक ठिकाणी रेल्वे कंपनीकडे जमिनीची मालकी नव्हतीच. तिला केवळ रूळ टाकून गाडी चालवण्याचा हक्क मिळाला होता. असा हक्क संपला की जमिनीचा पूर्ण ताबा मूळ मालकाकडे यावा, हा साधा न्याय. रेल्वे जाऊन त्याच्या परसातून अनोळखी सायकलस्वार जाऊ लागले, तर त्याची तक्रार केवळ हेकटपणा म्हणून झटकता येत नाही. व्हरमाँटमधील प्रिझो कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये कायदा वैध ठरवला, पण भरपाई मागण्याचे दार उघडे ठेवले. पुढे १९९६ मध्ये अपील न्यायालयाने या कुटुंबाचा भरपाईचा हक्क मान्य केला. लोकांना वाट हवी असेल तर तिची किंमत लोकांच्या तिजोरीतून जावी, हे तत्त्व योग्यच आहे.

२०१४ मध्ये वायोमिंगच्या ब्रँट खटल्यात आठ विरुद्ध एक अशा बहुमताने सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक धक्का दिला. १८७५ च्या कायद्यानुसार सरकारी जमिनीवरून गेलेला मार्ग रेल्वेने सोडला आणि दरम्यान ती जमीन खासगी मालकाला दिलेली असली, तर सरकारला त्या पट्ट्यावर हक्क सांगता येणार नाही, असा हा निकाल. रेलबँकिंगखाली ठेवलेल्या मार्गांना त्याची थेट झळ नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने ते सोडलेलेच नसतात. रीतसर 'सोडून' दिलेल्या मार्गांची बाजू मात्र लंगडी झाली.

दुसरी अडचण वाट वापरणाऱ्यांचीच. ब्रिस्टल-बाथ मार्गाच्या काही भागावर जलद बससेवेचा विचार २००८ च्या सुमारास पुढे आला, तेव्हा सायकलस्वार आणि रहिवाशांनी कडाडून विरोध केला आणि प्रस्ताव मागे पडला. ठेव ठेवणारा परत आला, तरी ती सांभाळणारे सहजासहजी देत नाहीत.

महाराष्ट्रात या चर्चेची जागा वेगळी आहे. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर या नॅरोगेज 'शकुंतला'ची वाहतूक २०१० च्या दशकात टप्प्याटप्प्याने थांबली. कापूस वाहून नेण्यासाठी ब्रिटिश कंपनीने बांधलेली ही गाडी नंतर गावकऱ्यांची स्वस्त सोय झाली होती. रेल्वेला नको असलेल्या जमिनीसाठी २००५ च्या कायदादुरुस्तीने रेल भूमी विकास प्राधिकरणाची तरतूद झाली. त्याचा रोख व्यापारी विकासावर आहे, मार्ग सलग राखण्यावर नाही. वऱ्हाडातील गावांनी सायकलमार्ग मागितलेला नाही. त्यांची मागणी ब्रॉडगेजची आहे, आणि ती गाडी कधी आलीच तर तिला याच पट्ट्यावरून जावे लागेल.