आधी वाचून दाखवा

दौंडच्या फलाटावर उतरले की डोक्यावरची पिवळी पाटी गावाचे नाव तीनदा सांगते. मराठीत दौंड, हिंदीत दौंड आणि इंग्रजीत दौंड. पहिल्या दोहोंत काना-मात्रेचाही फरक नाही. "मग दोनदा कशाला लिहायचं?" असे आमच्या कुटुंबाने विचारले, तेव्हा आम्ही ऐटीत म्हटले, "एक तुझ्यासाठी, एक दिल्लीसाठी."

"आणि इथे येऊन राहिलेत त्यांच्यासाठी?"

याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही हमालाशी भाव करू लागलो. तोही हिंदीतून!

पुण्याहून निघालेली आगगाडी १८५८ साली दौंडवरून डिकसळपर्यंत गेली. पुढे १८७८ साली इथून मनमाडचा फाटा निघाला आणि भीमाकाठचे हे गाव जंक्शन झाले. रुळांबरोबर माणसे आली. अँग्लो-इंडियन ड्रायव्हर आणि गार्ड आले, तेलुगू-तमिळ बोलणारी कुटुंबे आली, उत्तरेकडचे खलाशी आले. अशा गावातल्या वाण्याला पाच भाषा याव्या लागत नाहीत. पाच भाषांतले आकडे आणि 'पगार झाला की देतो' हे एक वाक्य समजले म्हणजे दुकान चालते. त्यातही वाक्य तो आकड्यांच्या आधी शिकतो.

दौंडहून शिरूरला जायचे तर चौफुल्यावरून पारगावकडे वळावे. हा मुलूख उसाचा. हंगामात वाटेने गुऱ्हाळांचा धूर आणि तो खमंग वास सोबत करतो. पण आत डोकावून पाहा. पुष्कळ गुऱ्हाळे आज उत्तर प्रदेशातून आलेली मंडळी चालवितात. आपण ज्याला ढेप म्हणतो तिला ती भेली म्हणतात. आपली काईल, त्यांचा कढाव. शेतकरी मराठीत भाव सांगतो, तो हिंदीत उतरवून मागतो, आणि ऊस मात्र काट्यावर चढतो. काट्याचा आकडा दोघांनाही वाचता येतो, म्हणून बरे. जिथे कागद येतो तिथे खरी अडचण सुरू होते.

कागदावरून शिरूर तालुक्यातल्या करड्याची गोष्ट सांगायला हवी. डिसेंबर १८७४ मध्ये तिथल्या काळूराम नावाच्या मारवाडी सावकाराने गावच्या देशमुखावर हुकूमनामा मिळविला आणि त्याचे घर पाडायला काढले. गाव बिथरले. सावकाराची कामे कोणी करीना. पाच महिन्यांनी, १२ मे १८७५ रोजी, भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला बाजारात जमलेले शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. दौंडही तेव्हा भीमथडीतच होते. लोण शिरूर, इंदापूर आणि नगर जिल्ह्यापर्यंत पसरले. विशेष हे की, जमावाचा डोळा माणसांच्या जिवापेक्षा वह्यांवर आणि कर्जरोख्यांवर होता. कागद हाती लागला की होळीत पडला.

भांडण भाषेचे नव्हते, हे आधी कबूल करतो. अमेरिकेतले यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव कोसळले होते, सरकारने सारा वाढविला होता, आणि कुणब्याच्या गळ्याशी आले होते. पण ज्या कागदाने घर जायचे तो त्याला वाचता येत नव्हता, हेही तितकेच खरे. लिहिणारा सावकार, वाचणारा सावकार, आणि कुणब्याचा फक्त अंगठा! म्हणून १८७९ साली शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला त्यात एक शहाणपणाची गोष्ट होती: रोखा गावच्या निबंधकासमोर लिहायचा, आणि शेतकऱ्याचा अंगठा घेण्याआधी तो वाचून दाखवायचा.

आज शिरूरच्या पेठेत फिरलात तर मारवाडी दुकानदार आणि गिऱ्हाईक कोणते, हे बोलण्यावरून ओळखता येणार नाही. घरात मारवाडी आणि गल्ल्यावर अस्सल घोडनदीची मराठी. एका पोक्त शेटजींना आम्ही विचारले, "हिशेब मनातल्या मनात कुठल्या भाषेत करता?" ते हसले. "येणं मारवाडीत, देणं मराठीत." लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा त्यांच्याकडे अजून होते, जरी खरा हिशेब संगणकात असला तरी. हे गाव तसे मनाने मोठे. १८०९ साली वारलेल्या कर्नल वॉलेस या गोऱ्या अधिकाऱ्याच्या थडग्याला इथल्या लोकांनी सत्पुरुष म्हणून नैवेद्य दाखविला; मग मारवाडातून आलेला शेजारी किती परका राहणार?

मात्र हे व्हायला पिढ्या लागल्या. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून काल-परवा आलेल्या पोराला तेवढा वेळ नाही. त्याला या महिन्याच्या पगारातून किती कापले, ते कळायला हवे. १९४८ च्या कारखाने कायद्याने कारखान्यातल्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावण्याचे बंधन घातले होते. पण बहुसंख्य म्हणजे कोण? एका पाळीत चार भाषा असल्या की पाचवा मुका होतो. आणि ठेकेदाराच्या चिठ्ठीचे काय? आमच्या एका स्नेह्यांच्या भाडेकरू मुलाने अशी चिठ्ठी दाखविली. तो ओडिशाचा, चिठ्ठी इंग्रजीत, खाली सही त्याची. "वाचलीस का?" म्हटले. "सब लोग साइन करता है," तो म्हणाला. कपातीच्या एका ओळीचा अर्थ आम्हांलाही लागेना, आणि आम्ही पदवीधर! करड्याच्या देशमुखाची आठवण झाली ती तेव्हा.

२०२२ साली कायदा बदलून लहान-मोठ्या सर्व दुकानांच्या पाट्या मराठीत असाव्यात असे ठरले. ठीकच झाले, आम्ही त्या बाजूचे आहोत. पण पाटी वर मराठी आणि खाली आपण? समोरचा माणूस जरा वेगळ्या वळणाचा दिसला की आपली जीभ आपोआप हिंदीकडे घसरते. तीही कसली, 'पानी गिर रहा है, छत्री लेके जाव' या घाटाची! मग तक्रार करायची की या लोकांना मराठी येत नाही. येणार कुठून?

त्या मुलाला आम्ही बाजारात घेऊन गेलो. भाजीवाल्या मावशींपुढे उभे राहून त्याने घोकलेले वाक्य म्हटले, "मावशी, मेथी कशी दिली?"

मावशींनी त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "बीस रुपया जुडी, भय्या."

तो हिरमुसला. आमच्याकडे वळून हळूच म्हणाला, "मैंने गलत बोला क्या?"

"अगदी बरोबर बोललास," आम्ही म्हटले, आणि मावशींना सांगितले, "अहो, तो मराठीतच विचारतोय."

"अगं बाई!" मावशी मोठ्याने हसल्या. मग त्याच्या पिशवीत जुडी टाकीत एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "वीस. रुपयाला. एक. जुडी. समजलं का रे बाळा?"

"समजलं," तो म्हणाला. "पंधराला द्या."