शहराचा खर्च, आपले डिझेल

शेतकरी भावांनो, रत्नागिरी कोकणात, आपण कपाशी-ज्वारीवाले. तिथल्या नगरपरिषदेच्या हिशेबाशी आपला काय संबंध? आहे! १९९९ साली राज्यातल्या नगरपरिषदांची जकात उठली. वाट अडवणारे नाके गेले, चांगलेच झाले. पण जकातीच्या जागी सरकारी अनुदान आले. ते येते राज्याच्या तिजोरीतून, आणि ती तिजोरी आपल्या डिझेलवरच्या करानेही भरते.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांना कागदावर अधिकार दिले, चाव्या मात्र मुंबईतच राहिल्या. अनुदानावर जगणारी नगरपरिषद नागरिकांकडे नव्हे, मंत्रालयाकडे बघते.

आमचे भांडण रत्नागिरीकरांशी नाही, या वाटपाशी आहे. शहराचे दिवे-रस्ते शहराच्या घरपट्टीवर चालावेत. जो कर घेईल, त्यानेच खर्च करावा आणि कर भरणाऱ्यालाच हिशेब द्यावा. गावालाही हाच न्याय हवा.