ओझे ओढावयास गॅस की डिझेल?

ग्वाल्हेरचा व्यापार मेळा भरला की आपल्या पेढ्यांवर दोनच विषय चालतात : मोहरीचा भाव आणि नवी गाडी. माधवराव महाराज शिंदे यांनी १९०५ साली सुरू केलेला हा मेळा प्रारंभी गुरांचा बाजार होता. आता तेथे बैलांच्या जागी मोटारी उभ्या असतात, आणि गेल्या काही मेळ्यांत राज्य शासनाने वाहनकरात निम्मी सूट दिल्यामुळे वर्षभर अडलेली खरेदी या दोन महिन्यांत उरकण्याची आपल्या बंधूंना सवयच लागली आहे. सवलत चांगली; परंतु सवलतीच्या घाईत गाडी कोणती घ्यावी याचा विचार मात्र मागे पडतो, असे आमचे निरीक्षण आहे.

सांप्रत तरुण मंडळींचा कल गॅसकडे, म्हणजे सीएनजीकडे आहे. दाल बाजारात कोणत्याही गादीवर बसा, 'किलोमीटरला किती पडते' हा एकच हिशेब कानी येतो. आमचे वडील मेळ्यात बैल घेत असत, तेव्हा बैल कडबा किती खातो हे शेवटी विचारीत; आधी त्याच्या खांद्यावर हात फिरवून पाहात. आम्ही गाडी घेताना नेमका हा क्रम उलटा केला, आणि त्याचे फळही भोगले. तो प्रकार पुढे सांगू.

गॅसच्या बाजूने जे बोलले जाते ते खोटे नाही. हजिऱ्याहून निघालेली मोठी वायुवाहिनी आपल्या गुणा जिल्ह्यातील विजयपूरवरून पुढे जगदीशपूरकडे जाते. म्हणजे हे इंधन आपल्या दारावरूनच चालले आहे. अवंतिका गॅस कंपनीचे पंप शहरात आहेत. एक किलो गॅसमध्ये एक लिटर डिझेलच्या जवळजवळ सव्वा ते दीडपट उष्णता असते. त्याचा धूर काळा नसतो, आणि लष्करातील अरुंद गल्ल्यांत दिवसभर पोती वाहणाऱ्या हमालांच्या छातीला ही गोष्ट लहान नव्हे. पिकअपच्या धुराड्याशी तोंड करून तीस-तीस पोती उतरविणाऱ्या माणसाचा खोकला आपण गादीवरून ऐकतो, पण कीर्द-खतावणीत तो कोठेच लिहिलेला नसतो. शहरातल्या फेऱ्यांना गॅसच बरा, या मताचे आम्ही आहोत. एवढेच, की दिल्लीतला गॅसचा भाव ऐकून ग्वाल्हेरचा हिशेब मांडू नये. तेथे तो आपल्याहून स्वस्त मिळतो.

परंतु ओझे ओढणे हे वेगळे काम आहे. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. आत घेतलेली हवा सोळा-अठरा पट दाबली जाते, त्या दाबाने ती इतकी तापते की तीत पडलेले तेल आपोआप पेटते. एवढा दाब सोसण्यासाठी इंजिन जड व दणकट करावे लागते, आणि ते मंद गतीतही नेटाने ओढते. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ साली ऑग्सबर्ग येथे सिद्ध झाले, आणि १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात तशाच एका लहान इंजिनाने भुईमुगाच्या तेलावर काम करून दाखविले. तेलबियांच्या व्यापाऱ्यांनी याचा थोडा अभिमान बाळगण्यास हरकत नाही! गॅसची गाडी मात्र पेट्रोलच्या गाडीप्रमाणे ठिणगीवर चालते. तीत गॅस स्वतःच हवेची जागा अडवितो, म्हणून त्याच इंजिनाचा जोर पेट्रोलहूनही थोडा कमी पडतो. सपाट रस्त्यावर चाक एकदा फिरू लागले की हा फरक जाणवत नाही. चढावर, थांबलेल्या जागेवरून, भरलेली गाडी हलवावयाची असते तेव्हा तो जाणवतो.

शिवाय टाकीचे वजन असते. हा गॅस वातावरणाच्या दोनशे पट दाबाने भरतात, म्हणून टाकी जाड लोखंडाची लागते. साठ लिटरची एक टाकी साधारण आपल्या पन्नास किलोच्या गव्हाच्या पोत्याहून जडच असते, आणि तीत गॅस मावतो तो नऊ-दहा किलो. अशा दोन टाक्या म्हणजे दोन पोती भाडे न देता कायमची गाडीत बसली असे समजावे. दर तीन वर्षांनी टाकीची दाबपरीक्षा करून घ्यावी लागते, हेही पुष्कळांच्या ध्यानात राहात नाही.

आता आमचा प्रकार. तीन वर्षांपूर्वी मेळ्यातून आम्ही गॅसची पिकअप आणली. पहिले दहा महिने चिरंजीव दर महिन्यास वाचलेल्या रुपयांचा आकडा आम्हांस मोठ्या उत्साहाने वाचून दाखवीत. पुढे एकदा गोपाचलावरील मूर्तींच्या दर्शनास बाहेरगावचा एक संघ आला. त्याच्या भोजनाचा शिधा वर पोचविण्याचे काम आम्ही सेवा म्हणून अंगावर घेतले. पीठ, तांदूळ, डाळ, तुपाचे डबे. दोन फेऱ्यांचे ओझे एकाच फेरीत जावे म्हणून पंचवीसच्या ठिकाणी अडतीस पोती चढविली, आणि वर दोन हमाल बसले. तसे सांगणारे आम्हीच होतो, हे येथे लिहिणे भाग आहे.

उरवाई दरवाजाकडचा चढ आपण सर्वांनी पाहिला आहे. एका बाजूस कातळात कोरलेल्या पंधराव्या शतकातील त्या भव्य मूर्ती, दुसरीकडे दरी, आणि मध्ये एकच अरुंद रस्ता. समोरून मोटार आली म्हणून चालकाने गाडी थांबविली. पुन्हा हलविताना इंजिन बंद पडले. दुसऱ्यांदा पडले. तिसऱ्या वेळी गाडी मागे सरकू लागली. हातब्रेक तेवढे ओझे धरीना. चालकाने प्रसंगावधान राखून चाके कातळाकडे वळविली म्हणून गाडी भिंतीस टेकून थांबली. एका हमालाने उडी टाकली, त्याच्या पायाचे हाड मोडले. तो चार महिने घरी होता. दहा महिन्यांच्या बचतीचा आकडा त्याच्या औषधपाण्यास व घरखर्चास पुरला नाही. हा हिशेबही आम्ही चिरंजीवांना वाचून दाखविला, पण त्यात आम्हांस समाधान नव्हते, कारण पोती मोजणारे आम्ही होतो.

कोणी म्हणेल, दोष गॅसचा नव्हे, जादा ओझ्याचा. ते खरे आहे. डिझेलची गाडीही त्या ओझ्याने मागे येऊ शकते. परंतु चढाचा आणि ओझ्याचा नेम ज्या धंद्यात नाही, त्यात थोडा अधिक जोर व थोडे अधिक दणकट अंग जवळ असावे, हेच शहाणपणाचे. बोलेरो पिकअपसारख्या गाड्या आता दोन्ही इंधनांत मिळतात. अशा वेळी घाऊक धान्याच्या पेढीने ओझ्यासाठी डिझेलचीच घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ट्रॉलीची गोष्ट याहून गंभीर आहे. गेल्या हंगामात आपल्यातील एका तरुण बंधूने गॅसच्या पिकअपमागे आकडा बसवून लहान ट्रॉली जोडण्याचा बेत आम्हांस सांगितला. एका फेरीत दोन फेऱ्यांचा माल! अमेरिकेत पिकअपमागे गाडे जोडून घोडे, नावा, गवत ओढतात हे त्यांनी पाहिले होते. तेथील त्या गाड्यांची इंजिने आपल्या पिकअपच्या दुप्पट-तिप्पट मोठी असतात, मोठ्या गाड्याला त्याचा स्वतंत्र ब्रेक असतो, आणि तेथेही जड ओझ्यास डिझेल की पेट्रोल हा वाद चालतोच. डोंगराळ वाटेने नित्य ओढणारे बहुधा डिझेलकडेच वळतात. आपल्याकडे ओढण्याचे काम ट्रॅक्टर करतो. लक्ष्मीगंज मंडीत हंगामात गहू-मोहरीच्या ट्रॉल्यांची रांग पाहा. जवळजवळ प्रत्येक ट्रॉलीला ब्रेक नाही. चढावर ट्रॅक्टर ट्रॉलीला ओढतो, उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते. जड ट्रॅक्टर तो धक्का कसाबसा सोसतो. दीड टनाची पिकअप तो कशी सोसणार? शिवाय ट्रेलर हे कायद्याने स्वतंत्र नोंदणीचे वाहन आहे. जादा भाराबद्दल १ सप्टेंबर २०१९ पासून केंद्रीय कायद्यात वीस हजार रुपये व वरच्या प्रत्येक टनास दोन हजार रुपये दंड सांगितला आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये गडकरी यांनी डिझेलचा गॅसवर बदललेला ट्रॅक्टर दिल्लीत सादर केला होता, पण आमच्या डोळ्यांसमोर मंडीत उभे राहतात ते सारे डिझेलचेच.

डिझेलचेही दोष आम्ही झाकणार नाही. १ एप्रिल २०२० पासूनच्या नव्या नियमांप्रमाणे डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडविणारी गाळणी असते. ती स्वच्छ होण्यास इंजिन काही वेळ एकसारखे तापून चालावे लागते. दाल बाजार ते स्टेशन, स्टेशन ते मुरार असे तुकड्यातुकड्याचे फेरे केल्यास ती तुंबते, आणि मग दुरुस्तीचे बिल पाहून पेट्रोलची स्वस्ताई आठवते. काही गाड्यांना वेगळ्या टाकीत युरियाचे पाणीही घालावे लागते. शेतातील युरियावरून आपण कुरकुरत होतो, आता गाडीलाही तो लागू लागला! दुसरे असे की, ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा भाव सरकारी नियंत्रणातून सुटला, तेव्हापासून पेट्रोल व डिझेल यांतील जुने अंतर राहिले नाही.

ज्यांचा माल दिल्लीस जातो त्यांचा विचार निराळा. १ नोव्हेंबर २०२५ पासून दिल्लीबाहेर नोंदलेल्या जुन्या डिझेल मालगाड्यांना तेथे मज्जाव सुरू झाला आहे. बीएस-चार गाड्यांना ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत दिलेली आहे. बीएस-सहा डिझेल व गॅस यांना तो अडथळा नाही. तेव्हा मेळ्याबाहेर कोणी जुनी डिझेल गाडी स्वस्तात देऊ केली, तर ती भिंड-दतियाच्या वाटेपुरतीच घ्यावी. नरेल्याच्या मंडीचे स्वप्न तिच्यावर बांधू नये.

ज्या पेढीस एकच गाडी परवडते तिची अडचण आम्ही जाणतो. तिने आधी महिन्याचा रोजमेळ उघडून किती फेरे गावात व किती बाहेर, किती वेळा पोती गाडीच्या पासिंगपेक्षा अधिक, हे खरेखरे लिहून काढावे. निम्म्याहून अधिक फेरे किराणा दुकानांना पाच-दहा पोती पोचविण्याचे असतील, तर निःशंक गॅस घ्यावा, आणि जड माल हुंडेकऱ्याकडे द्यावा. त्याचे भाडे दिसते म्हणून टोचते, मोडलेल्या गाडीचा व मोडलेल्या माणसाचा खर्च आधी दिसत नाही.

आमच्या घरी निर्णय झाला आहे. गॅसची पिकअप विकणार नाही. ती शहरातच फिरेल, आणि तिच्या फळीवर पंचवीस पोत्यांची पांढरी रेघ मारून घेतली आहे. तो हमाल आता पुन्हा कामावर येतो, परंतु पोती उचलीत नाही, मोजतो. रेघेवर एक पोते गेले तरी आम्हांस हाक मारतो. येत्या मेळ्यात आम्ही डिझेलची गाडी पाहणार आहोत. तिच्या मागे आकडा बसवावा की नाही यावर चिरंजीवांचे व आमचे अजून जमलेले नाही.